पाऊण मार्क

डोरीन कांगास पाऊण मार्कानं अडकली होती, आणि घाम मात्र एल्मर स्टेनरूड सरांना फुटला होता. बाहेर तळं गोठलेलं, खिडकीच्या काचेवर बर्फ, आणि हे महाशय स्वेटर काढून बसलेले. तीन चाचण्या, एक अंतिम परीक्षा, सगळ्यांची सरासरी सव्वा एकोणसत्तर. सत्तर असते तर 'सी' मिळाला असता, आणि 'सी' मिळाला असता तर बाईला नर्सिंगला प्रवेश होता.

डोरीन शाळेची बस चालवायची. पहाटे बस, मग कॉलेज, दुपारी पुन्हा बस. मुलं शिकून बाहेर पडल्यावर तिनं स्वतःच्या शिक्षणाला हात घातला होता. बीजगणित काही तिला वश होत नव्हतं, पण तीही त्याचा पिच्छा सोडत नव्हती. ही संधी हुकली तर पुढची तुकडी दोन वर्षांनी. "तोवर मीच पेशंट होऊन जाईन," असं ती हसत म्हणायची, पण हसताना तिचे डोळे हसत नसत.

"मग देऊन टाक की पाऊण मार्क," विभागप्रमुख मार्लिस दारातूनच म्हणाली. "कुणाच्या बापाचं काय जातंय?"

"एकटीला कसा देऊ? नियम म्हटला की सगळ्यांना लागू."

"मग सगळ्यांना लागू होईल असा नियम शोध. गणिताचा मास्तर ना तू?"

ती चेष्टेत बोलून गेली. पण एल्मर सरांना चेष्टा कळत असती तर आणखी काय हवं होतं? त्यांनी कागद ओढला. चार परीक्षांपैकी सर्वांत वाईट एक सोडून द्यायची, हा नियम त्यांना इतका आवडला की हिशेब तपासायच्या आधीच त्यांनी तो कॉलेजच्या पोर्टलवर टाकला. क्षणात तो वर्गातल्या प्रत्येकाच्या फोनवर पोचला. आता मागे घेतला तर दंगाच झाला असता.

मग सर हिशेबाला बसले आणि त्यांच्या लक्षात आलं, की डोरीनला वाईट परीक्षाच नव्हती. तिचे मार्क एकोणसत्तर, सत्तर, एकोणसत्तर आणि पुन्हा एकोणसत्तर. बाई सगळीकडे सारखीच मेहनती. त्यातली एक गाळून तिला काय मिळणार, कप्पाळ? उलट ब्रॉडी हॅल्वरसन नावाचा एक पोरगा, जो एका चाचणीला फिरकलाच नव्हता, त्याचा भोपळा गळाला आणि तो नापासातून उठून थेट 'सी'मध्ये जाऊन बसला. सरांनी डोकं धरलं.

आता माघार नाही म्हणून त्यांनी दुसरा नियम काढला. अंतिम परीक्षेत सर्वांत वरच्या मुलीला नव्व्याण्णव होते. तिचे शंभर धरायचे, म्हणजे प्रत्येकाला एक मार्क वाढवून. डोरीन एकोणसत्तर आणि दोन तृतीयांशावर आली. इतकं जवळ येऊन सोडणं त्यांच्याच्यानं होईना. तेव्हा ज्या माणसानं आयुष्यभर अपूर्णांकाला पूर्णांक म्हणू दिलं नाही, त्यानं डोळे मिटून तिसरा नियम टाकला: अर्ध्याच्या वर गेलं की पूर्ण धरावं. डोरीनचे सत्तर झाले. सरांनी स्वेटर घातला.

दुसऱ्या दिवशी मार्लिस आली ती पडलेल्या चेहऱ्यानंच. नर्सिंगला एकच जागा उरली होती आणि ती गणिताच्या मार्कांवर भरायची होती. "डोरीनचे सत्तर," ती म्हणाली, "आणि तिच्या वर ब्रॉडी, बहात्तर. त्यानंही अर्ज केलाय. करायला गेलास काय आणि झालं काय, एल्मर."

बाईचं भलं करायला निघालेल्या माणसानं स्वतःच्या हातानं तिच्यापुढे एक पोरगा उभा केला होता. फार फार वाईट वाटलं त्यांना.

मार्लिस गेली आणि पाठोपाठ खुद्द ब्रॉडीच टोपी हातात घेऊन आला. आभार मानायला आला असेल म्हणून सरांनी त्याला नाइलाजानं बसायला सांगितलं.

"सर, मला नापास करा."

"काय?"

ब्रॉडीनं सगळं सांगितलं. त्याची आई गावच्या इस्पितळात मुख्य नर्स. पास झाला तर नर्सिंग, नापास झाला तर मामाकडे बोटींची इंजिनं दुरुस्त करायची, असं घरात ठरलेलं. पोराचा जीव इंजिनांत. सगळे पेपर वाईट दिले असते तर आईला संशय आला असता, म्हणून त्यानं तीन पेपर बरे दिले आणि एक मुद्दाम बुडवला. भोपळा धरून सरासरी पास व्हायला लागणाऱ्या साठाच्याही खाली जाते, हे त्यानं आधी काढून ठेवलं होतं.

सरांनी मनातल्या मनात आकडेमोड केली. हिशेब अगदी चोख होता. असा विद्यार्थी त्यांना वर्गात कधी दिसला नव्हता, आणि दिसला तो नापास करा म्हणत.

"तुझ्यासाठी नियम मागे घेतला तर सगळ्यांसाठी घ्यावा लागेल," ते म्हणाले.

"नियम कशाला? नुसतं नापास करा. आणि आईला यातलं कळू देऊ नका, तुमच्या पाया पडतो."

मग सरांनी आयुष्यात पहिल्यांदा कुठल्याही नियमाशिवाय एक निकाल लिहिला. ब्रॉडी त्यांचा हात सोडेना.

पुढच्या हिवाळ्यात सर फ्लूची लस घ्यायला इस्पितळात गेले. शिकाऊ नर्सच्या पोशाखात समोर डोरीन. तिनं बाटलीवरचा आकडा वाचला, स्वतःशी पुटपुटत पुन्हा वाचला आणि सुई भरली. सरांचा ऊर भरून आला. मागे हाताची घडी घालून मिसेस हॅल्वरसन उभ्या होत्या.

"डोरीन, हे स्टेनरूड सर," त्या म्हणाल्या. "सबंध वर्ग पास केला यांनी. एकटा माझा ब्रॉडी तेवढा खटकला. जरा जाड सुई घे."

एल्मर सरांनी बाही वर केली.