कमळकाकी आणि बारीक अक्षरं

कमळकाकीने पेपर माझ्या हातात परत ठेवला आणि म्हणाली, "सगळा वाचला गो बाई. मजकूर तेवढा राहिला."

टोकावड्याच्या शाळेत माझी बदली झाली, तेव्हाची ही गोष्ट. मी आणि माझे वडील तिच्या शेजारच्या दोन खोल्यांत नुकतेच राहायला आलो होतो. मला वाटलं, बाई थट्टा करतेय. "मग वाचलंस काय?" मी विचारलं. (तिने पहिल्या आठवड्यातच मला 'तुम्ही' सोडायला लावलं होतं.)

"मथळे वाचले. फोटोखालच्या ओळी वाचल्या. तक्ता बघितला. एक चौकट होती, ती दोनदा वाचली. आता इचार काय इचारायचं ते."

मी विचारत गेले आणि ती सांगत गेली. धरणात पाणी किती उरलंय, हेसुद्धा तिने तक्त्यातून बरोबर उचललं होतं. तोच पेपर मी सकाळी चहासोबत पाऊण तास वाचला होता आणि मला ते सांगता आलं नसतं.

काकीची शाळा चौथीपर्यंतची. पुढे कित्येक वर्षं ती अंगणवाडीत मदतनीस होती. लसींच्या, आहाराच्या, वजनाच्या जाडजूड पुस्तिका तिथे येत. चुलीवर खिचडी, मांडीवर कुणाचं तरी रडणारं पोर, वाचणार कधी? "एका हातानं ढवळायचं, दुसऱ्या हातानं पान उलटायचं," ती सांगायची. "जे ठळक असल तेवढं वाचायचं. लिवणारा काय येडा नसतो. महत्त्वाचं असल त्याला तो चौकट मारतोच."

तेव्हापासून "चौकट कुठाय?" हा तिचा जगाला विचारायचा प्रश्न झाला. खताची गोणी आली की ती गोल फिरवून आधी चौकट शोधायची. लग्नाची पत्रिका आली की देवाचं नाव आणि नवरानवरी सोडून थेट तळाशी जायची. तिथे बारीक अक्षरात "आहेर आणू नये" आहे का, ते बघायची. माणसांनाही तिने सोडलं नाही. वरच्या आळीतली एक सून सासूचं गाऱ्हाणं घेऊन आली आणि लग्नाच्या दिवसापासून सुरू झाली. काकीने थोडा वेळ ऐकलं आणि मायेने तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "रडू नको गो. आधी मथळा सांग."

ग्रामसभेत तर कहर झाला. पाहुणे बोलायला उभे राहिले ते थांबेचनात. काकी उठली. "दादा, तुमची अनुक्रमणिका सांगाल का? पाण्याचा इषय शेवटी असल तर मी कोंबड्या डालून येते."

माझ्या वर्गातल्या पोरांना विज्ञानाचा धडा कळत नसे, म्हणून मी एकदा तिला वर्गात नेलं. तिने पुस्तक हातात घेतलं आणि पोरांना म्हणाली, "गावात शिरताना तुमी एकदम कुणाच्या घरात घुसता का? नाय ना? आधी बघता, देऊळ कुठं, पाणवठा कुठं. तसंच पानावर करायचं." त्या दिवशी पोरांनी धडा न वाचता धडा सांगितला. मग वाचायलाही लागली. मला जरा हेवाच वाटला.

पण तिचं खरं प्रेम नकाशावर. भात झोडून झालेलं असायचं, अंगणात पेंढ्याची उडवी रचलेली, हवेत त्याचा गोडसर वास. माळशेजच्या बाजूने धुकं हळूहळू खाली उतरायचं आणि त्यातून एखादी एसटी आवाज न करता तरंगत आल्यासारखी यायची. अशा वेळी काकी ओटीवर भूगोलाचं जुनं पुस्तक घेऊन बसायची. आधी कोपऱ्यातली खुणांची सूची बघायची. मग ती नदीच्या निळ्या रेघेवर बोट ठेवायची आणि ते चालू लागायचं. डोळे अर्धे मिटलेले. "हितं गारवा लागतोय," ती पुटपुटायची. बोट समुद्राशी पोचलं की ते उचलून ती पदराला पुसायची. ओलं झाल्यासारखं. मी आयुष्यात इतक्या शांतपणे कुणाला प्रवास करताना पाहिलेलं नाही.

त्या हिवाळ्यात माझ्या वडिलांना चक्कर येऊ लागली. रक्तदाबाचा त्रास जुनाच होता. कल्याणला नवीन डॉक्टरांना दाखवलं होतं, त्यांची गोळी सुरू केली होती, आधीच्या गोळ्याही चालू होत्या. तरी बरं वाटण्याऐवजी ते भिंत धरून चालायला लागले. एका सकाळी मोरीपाशी कोसळले. कपाळाला खोक पडली. मी हादरले. शाळेत मन लागेना, घरी त्यांच्यावरची नजर हलेना.

काकी बघायला आली. वडिलांच्या उशाशी बसून तिने गोळ्यांची सगळी पाकिटं मांडीवर घेतली. तिला इंग्रजी वाचता येत नाही. मी चहा टाकायला आत गेले, बाहेर आले तरी ती दोन पाकिटं शेजारी शेजारी धरून बसली होती. एकदा हे, एकदा ते.

"बाई, ही दोन येगळी औषधं का?"

"हो काकी. नावं बघ ना, वेगळी आहेत."

"मोठं नाव येगळं हाय. पण त्याच्या खालची बारीक ओळ बग. नक्षी तीच हाय. हे अक्षर, मग हे टोपीवालं, मग हे दोन खांबांचं. दोन्हीवर तसंच."

मी पाकिटं हातात घेतली. चष्मा लावला. खालच्या ओळीत औषधाचं मूळ नाव होतं आणि ते दोन्हीकडे एकच होतं. वडील एकच औषध दोन नावांनी घेत होते. मी इंग्रजी शिकवते. मी फक्त मोठी अक्षरं वाचली होती.

डॉक्टरांना फोन केला. त्यांनी जुनी गोळी लगेच बंद करायला सांगितली आणि तपासणीला बोलावलं. आठवड्याभरात वडील भिंत सोडून चालायला लागले. काकीला ते मानाने "डॉक्टरीणबाई" म्हणू लागले. ती लाजायची आणि म्हणायची, "गप बसा, कोंबड्या हसतील."

पुढच्या रविवारी दुपारी मी तिनेच दिलेल्या चिकाचा खरवस घेऊन तिच्याकडे गेले. ती ओटीवर वही उघडून बसली होती, हातात पेन. मला पाहून तिने वही मिटली नाही. म्हणाली, "बरी आलीस. तळटीप लांब झाली तर काय करायचं असतं?"

मी वाकून पाहिलं. तिचा मुलगा निलेश वापीला कंपनीत कामाला आहे, रविवारी त्याचा फोन येतो, एवढं मला ठाऊक होतं. त्या वहीत ते फोन होते. एका पानावर एक रविवार. वर ठळक अक्षरात मथळा: "निलेशला खोकला." "निलेशने भेंडीची भाजी केली." खाली दोघांचं दोन-तीन ओळींचं बोलणं. त्याच्या खाली रेघ, चांदणी आणि बारीक अक्षरं. "* जेवलो म्हणाला, पण मधी थांबला." "* मागं कुणीतरी हसलं. मित्र असतील. बरं वाटलं."

त्या दिवशीच्या पानावर बोलणं एका ओळीचं होतं. "कामात हाय आई, मग करतो." रेघेखाली चांदणी होती, आणि तिथून काकी दाटीवाटीने लिहीत सुटली होती. पान संपलं होतं, मागचं संपलं होतं, पुढचं अर्धं झालं होतं. गाय व्यायली, पायाला सूज येते, तुझा निळा शर्ट अजून खुंटीला हाय, येशील कधी.

मी पान उलटून शेवटपर्यंत वाचलं. मग म्हटलं, "एवढी टीप कुणी खाली ठेवत नाही काकी. ती वर घ्यायची असते."

"वर म्हंजे?"

"त्याला सांगायची."

"त्याला टाइम नसतो गो."

"तू कधी लावलायस फोन? स्वतःहून?"

तिने नाही म्हणून मान हलवली. पेन खाली ठेवलं. मग पदराखालून फोन काढला, एकेक आकडा दाबला आणि फोन कानाला न लावता स्पीकरवर टाकून समोर धरला. निलेशने उचलला. घाबरलेलाच होता.

"आई? काय झालं? सगळं ठीक ना?"

"काय नाय झालं रे," काकी म्हणाली. "असंच."

मग तो हळूच म्हणाला, "थांब, बाहेर जातो. इथं मशीनचा आवाज हाय. मग बोल."

काकीने वही गुडघ्यावर उभी केली, बोट चांदणीवर ठेवलं आणि वाचायला लागली. मी खरवसाचं भांडं उंबऱ्याशी ठेवलं आणि चपला हातात घेऊन अंगणातून बाहेर पडले.