नव्वदच्या खाली एक लग्न

मालिका सांगावी तर मीच! हे मी उगाच छातीठोकपणे म्हणत नाही. साथीच्या त्या दिवसांत आमच्या वॉर्डातले तीन पेशंट रोज माझ्या तोंडून आठ वाजताची मालिका ऐकायचे आणि ऐकता ऐकता त्यांच्या रक्तातला ऑक्सिजन वाढायचा. बोटाला लावलेल्या चिमट्यावर आकडाच दिसायचा! आता कुठल्या टीव्हीवाल्याकडे असा दाखला आहे, सांगा.

फक्त एक बारीकशी गोष्ट राहिली. त्या मालिकेचा एकही भाग मी पूर्ण पाहिलेला नाही.

मी नर्स आहे. पुरुष नर्सला सगळे 'ब्रदर' म्हणतात. बावीस वर्षं हेच ऐकतोय, त्यामुळे कुणी खऱ्या नावाने हाक मारली तर मी मागे वळून बघतो, की कोण बाबा हा! साथीत आमची ड्यूटी सकाळी आठ ते दोन. अंगात ते डोक्यापासून पायापर्यंतचं किट. एकदा घातलं की सहा तास पाणी नाही, चहा नाही, आणि जिथे माणसाला जावंच लागतं तिथेही जायचं नाही! सगळे सारखेच दिसायचो, म्हणून छातीवर मार्करने नाव लिहायचो. माझ्या नावाखाली कुणीतरी रोज मिशा काढायचं.

घरी आलो की थेट आंघोळ आणि मग कोपऱ्यातली खोली. दार बंद. जेवणाचं ताट दाराबाहेरच्या स्टुलावर. माझ्यामुळे घरात कुणाला काही होऊ नये, एवढीच धास्ती. पण बायकोचं मन मोठं! तिने पहिल्याच दिवशी हॉलमधला टीव्ही माझ्या खोलीत आणून लावला. स्वतः ती ती मालिका सहा वर्षं बघत होती! हॉलच्या भिंतीवर नुसता पांढरा चौकोन उरला.

"तुम्हाला तेवढाच विरंगुळा," ती दाराबाहेरून म्हणाली.

एवढा त्याग केल्यावर 'मला मालिका आवडत नाहीत' असं म्हणायला माझी जीभ रेटेना. आठ वाजले की मी टीव्ही मोठ्याने लावायचो. शीर्षकगीतात थोरली सून पळत यायची, मागे वळून बघायची... आणि माझे डोळे मिटायचे ते सकाळच्या गजरालाच उघडायचे.

सकाळी दाराबाहेरून प्रश्न यायचा, "काय झालं हो काल?"

"काय सांगू! कमालच!"

"म्हणजे?"

"थोरली सून रडली!"

हे उत्तर कधीच चुकलं नाही.

तर आता बाई. चार नंबरच्या खाटेवर होत्या. पस्तीस वर्षं मुख्याध्यापिका, त्यामुळे डॉक्टरांपासून झाडूवाल्यापर्यंत सगळे त्यांना बाईच म्हणत. ऑक्सिजन अठ्ठ्याऐंशी. डॉक्टरांचा हुकूम होता, रोज दोन तास पालथं झोपवा, म्हणजे फुप्फुसं मागून मोकळी होतात. पण बाई कसल्या ऐकतात!

"मी आयुष्यात कुणासमोर अशी पडलेली नाही," त्या म्हणाल्या. "मागच्या बाकावरची ढ मुलं अशी झोपतात!"

"बाई, दोनच तास."

"आणि दोन तास बघायचं काय? फरशी?"

मग हळूच त्यांनी समोरच्या काचेच्या दाराकडे बघितलं. दारापलीकडे आयसीयू. शेजारच्या तीन नंबरच्या पेशंटला आदल्या दिवशी तिकडे नेलं होतं. पालथं झालं की ते दार दिसत नाही, आणि बाईंना त्या दारावरची नजर काढायची नव्हती.

"मला तिकडे नेऊ नका हो, ब्रदर," त्या म्हणाल्या. तो आवाज मुख्याध्यापिकेचा नव्हता.

काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, "बाई, तुम्ही आठ वाजताची मालिका बघता का?"

बाईंची मान ताडकन वर! नऊ दिवसांत टीव्ही दिसला नव्हता. "काल काय झालं त्यात?"

"सांगतो की! पण पालथ्या झालात तर."

बाई पालथ्या झाल्या. आकडा नव्वद, ब्याण्णव, चौऱ्याण्णव! माझा आनंद गगनात मावेना. मी ऐटीत सुरुवात केली, "तर बाई, काल थोरली सून रडली." ते रडणं मी ताणून ताणून चार मिनिटं पुरवलं. राहिला एक तास छप्पन्न मिनिटं! आता?

त्या मालिकेत सासूबाईंचं एक कपाट होतं. तीन महिने त्याला कुलूप. सगळं कुटुंब त्याच्याभोवती घिरट्या घालायचं, हे बायकोकडून माझ्या कानावर होतं. मी सरळ कुलूप काढलं!

"काय होतं आत?" बाई उशीत तोंड खुपसून ओरडल्या.

"लायसन्स! सासूबाईंचं! गाडी चालवायचं!"

"कसली गाडी?" हा प्रश्न पाच नंबरवरून आला. तिथले काका बस ड्रायव्हर होते, आणि आठ दिवस कुणाशी बोलले नव्हते.

"बस!" मी म्हणालो.

ड्रायव्हरकाका आपणहून पालथे झाले. दुसऱ्या दिवशी सहा नंबरवरचे शिंपीकाका म्हणाले, "त्या थोरलीला काही कामधंदा द्या हो, नुसती रडते." मी तिला शिलाई मशीन दिलं. शिंपीकाकाही पालथे! तीन खाटा, तीन पाठी आणि मध्ये स्टुलावर मिशांचा मी. नियम एकच: पालथे आहात तोवर गोष्ट चालू, उताणे झालात की बंद.

गोष्टीत घोळ नको म्हणून मी सकाळी दाराआडून बायकोला आधी सांगून बघायचो. रंगीत तालीमच ती! तीही "हो? मग?" करत ऐकायची.

एकदा उत्साहाच्या भरात मी घाटात बसचे ब्रेक निकामी केले. ऑक्सिजन मोजणारी तिन्ही मशिनं एकदम किंचाळली! आकडे धडाधड खाली! मी घाईघाईने बस थांबवली आणि पुढच्याच स्टॉपवर धाकट्या नणंदेचं कंडक्टरशी लग्न लावून टाकलं. आकडे वर. तेव्हापासून ठरवलंच: आकडा नव्वदच्या खाली गेला की एक लग्न. आठवड्यात सात लग्नं झाली. एका विधुर काकांचं तर चुकून दोनदा लागलं.

"त्यांचं मंगळवारीच झालं होतं!" शिंपीकाकांनी मला पकडलं.

"ते मोडलं," मी म्हणालो. लगेच बाईंचं मशीन वाजलं. जोडावं लागलं पुन्हा.

इथपर्यंत सगळं छान चाललं होतं. आठव्या दिवशी दुपारी एक वाजता बाईंच्या लेकीचा व्हिडिओ कॉल आला. फोन मीच धरला होता.

"काय गं," बाई म्हणाल्या, "सासूबाईंनी काल बस काय घातली घाटात! बघितलंस ना?"

"कुठली बस, आई?"

"अगं, आठ वाजताच्या मालिकेतली! लायसन्स नाही का सापडलं कपाटात?"

लेक ती मालिका रोज बघायची. तिचा चेहरा पांढरा पडला. "आई... कपाट अजून बंद आहे."

फोन कट झाला आणि पाच मिनिटांत डॉक्टर धावत आले. भला माणूस, पण त्या दिवसांत त्यांची झोप शेवटची कधी झाली होती ते त्यांनाही आठवत नव्हतं. लेकीने त्यांना रडत रडत सांगितलं होतं, की आई काहीच्या बाही बोलतेय.

"बाई, आज वार कोणता?" डॉक्टरांनी विचारलं.

"गुरुवार. तुम्हाला माहीत नाही?"

"शंभरातून सात सात वजा करा बघू."

"त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, बहात्तर... तुम्ही मनात पडताळताय ना? मान उशिरा हलतेय तुमची."

"बरोबर आहे. आणि सासूबाई सध्या काय करतात?"

"माझ्या? त्या कधीच गेल्या."

"मालिकेतल्या."

"बस चालवतात."

डॉक्टर पाच नंबरकडे वळले. "काका, त्या मालिकेतल्या सासूबाई?"

"उत्तम चालवतात!" ड्रायव्हरकाका म्हणाले. "चढाला क्लच जरा जास्त दाबतात, पण शिकतील."

"आणि थोरलीचं दुकान जोरात आहे," शिंपीकाकांनी भर घातली. "सातही लग्नांचे कपडे तिच्याकडेच!"

डॉक्टरांनी खाटेचा दांडा धरला. मग कोपऱ्यात जाऊन मोठ्या साहेबांना फोन लावला. "सर, नवीन लक्षण! तिघांना एकच भ्रम!... बस, सर. हो, बस. सासू चालवते... नाही सर, मी झोपलो होतो ना! मंगळवारी."

मी पुढे व्हायला हवं होतं, कबूल! पण खरं सांगितलं तर बाई पुन्हा पालथ्या होतील का? त्या विचाराने माझे पाय फरशीला चिकटले. तेवढ्यात डॉक्टर परत आले. "मेंदूला ऑक्सिजन कमी पडतोय. आयसीयूत एकच खाट आहे. बाईंना हलवा."

स्ट्रेचर आलं. बाईंनी काचेच्या दाराकडे बघितलं आणि माझा हातमोजा घट्ट धरला. ब्याण्णव. नव्वद. सत्त्याऐंशी. आणि माझ्याजवळ एकही लग्न शिल्लक नव्हतं!

"थांबा, डॉक्टर!" मी ओरडलो. "सासूबाईंना बस मी शिकवली!"

चूक झाली. डॉक्टरांनी ट्रेमधला दुसरा चिमटा उचलला आणि माझ्या बोटाला लावला.

"सत्त्याण्णव," ते हताशपणे म्हणाले. "आकडा तर ठीक आहे..."

मग मी सगळं सांगून टाकलं. टीव्ही, शीर्षकगीत, झोप, लायसन्स, एकूण एक.

"म्हणजे कपाट?" बाईंनी विचारलं.

"बंदच आहे, बाई."

"बस?"

"नाही."

"सात लग्नं?"

"एकही नाही."

"उभा राहा!"

मी उभाच होतो. आणखी ताठ झालो.

"खोटं बोललास! आठ दिवस! माझ्याशी!" आणि बाई उताण्या होऊन छताकडे बघत राहिल्या. शहाऐंशी. स्ट्रेचरवाला डॉक्टरांकडे बघतोय, डॉक्टर माझ्याकडे. माझा चष्मा आतून धुकटला. तो घाम नव्हता.

"बाई," मी म्हणालो, "घरी गेलं की माझे डोळे उघडे राहतच नाहीत हो. मालिका कुठून आणू? पण तुम्ही पालथ्या झालात की आकडा वाढतो, आणि तो वाढलेला बघितला की दिवसभरात तेवढंच मला बरं वाटतं. तुम्हाला तिकडे न्यायचं नव्हतं मला."

पाच नंबरवरून खाकरल्याचा आवाज आला.

"ब्रदर, ते सगळं खरं," ड्रायव्हरकाका म्हणाले, "पण बस अजून घाटात उभी आहे. आत पॅसेंजर आहेत."

बाईंनी डोळे मिटले. मग रागारागाने, कुणाचाही हात न धरता, त्या पालथ्या झाल्या.

"पॅसेंजर उतरेपर्यंत," त्या उशीत म्हणाल्या. "आणि लग्नं पुरे! जे घडेल त्याला कारण पाहिजे."

मी स्टुलावर बसायला गेलो तर तिथे डॉक्टर बसले होते. मी उभ्यानेच बस घाट उतरवली. एवढी सांभाळून कुणी उतरवली नसेल! एकेक स्टॉप घेतला, एकेक माणूस उतरवला, आणि प्रत्येकाला उतरायला कारण दिलं. अठ्ठ्याऐंशी. नव्वद. एक्याण्णव. शेवटचा म्हातारा पेटी घेऊन उतरला तेव्हा चौऱ्याण्णव! स्ट्रेचर रिकामं परत गेलं. डॉक्टर तोवर स्टुलावर गाढ झोपले होते.

अकरा दिवसांनी बाई घरी गेल्या. पुढे माझीही त्या वॉर्डातली पाळी संपली, खोलीचं दार उघडलं आणि टीव्ही हॉलमध्ये आपल्या चौकोनावर गेला. मी बायकोपुढे गुन्हा कबूल केला.

"मला माहीत होतं," ती म्हणाली. "मालिका मी मोबाइलवर बघत होते. आणि शीर्षकगीत संपायच्या आत तुमचं घोरणं सुरू व्हायचं!"

"मग रोज सकाळी विचारायचीस कशाला?"

"तुमचा आवाज ऐकायला," ती म्हणाली. "दाराआडून तेवढाच तर मिळायचा."

त्याच संध्याकाळी आठ वाजता फोन वाजला.

"ब्रदर!" बाईंचा आवाज आता शाळेच्या मैदानावरून यावा तसा खणखणीत. "आठवडाभर खरी मालिका बघतेय. कपाट बंद! थोरली रडतेय! कशाला काही शिस्तच नाही! मी पालथी झालेय. करा सुरुवात!"

माझी छाती फुगली. म्हटलं ना, मालिका सांगावी तर मीच! मी सोफ्यावर ऐसपैस बसलो, घसा साफ केला. "तर बाई, बस डेपोतून निघाली..."

एवढंच आठवतं.

जाग आली तेव्हा फोन बायकोच्या कानाला होता आणि ती मला गप्प बसायची खूण करत सांगत होती, "...तर बाई, थोरलीने मशीन बंद केलं, चावी घेतली आणि सरळ डेपो गाठला! का? तर त्याला कारण आहे..."

दुसऱ्या दिवशी बरोबर आठला पुन्हा फोन. मी झडप घालून उचलला. "बोला बाई! मी तयार आहे!"

"तुम्ही झोपा, ब्रदर," बाई म्हणाल्या. "फोन मिसेसना द्या."