कुंपणापलीकडचा तास

"हौशीराम, पाटीवरचं लिहून आणायचं होतं, पाटी नव्हे!" प्रोफेसर महिपतराव गराडे कळवळून म्हणाले.

"तुमीच म्हनला न्हवं सर, अस्सल इंग्रजी आना? मंग उतरवूनच आनली," भाजे गावचा हौशीराम म्हणाला.

मेजावर शेजारच्या साहेबाच्या फाटकावरची लोखंडी पाटी पडली होती. कुत्र्यापासून सावध राहा, असं तिच्यावर ठसठशीत इंग्रजीत लिहिलेलं. बाकीच्या मुलांनी साबणाची वेष्टनं नि आगगाडीचं वेळापत्रक आणलं होतं. पुस्तक मिटून ठेवायचं आणि रोजच्या वापरातल्या इंग्रजीतूनच व्याकरण शिकवायचं, ही महिपतरावांची नवी पद्धत. सुट्टीतला हा लोणावळ्याचा वर्ग बघायला आज खुद्द प्रिन्सिपल येणार होते. विलायतेहून नुकतेच आलेले, मराठीचा गंध नाही. त्यांना पद्धत पटली तर महिपतरावांची नोकरी कायम. नाहीतर जूनपासून घरी.

"जा, आधी लावून ये!"

तेवढ्यात शेजारून भुंकणं आणि पाठोपाठ किंकाळी ऐकू आली. प्रिन्सिपल पत्ता विचारायला शेजारच्या फाटकात शिरले होते. पाटीच नव्हती, तर सावध कशाला राहतील? वर्ग कुंपणाशी धावला. जांभळाच्या झाडावर प्रिन्सिपल, खाली कुत्रा.

"साहेबाचा कुत्रा आहे. त्याच्याशी इंग्रजीतच बोललं पाहिजे," महिपतराव म्हणाले. घसा खाकरून त्यांनी तीन पोटवाक्यांची एक नम्र विनंती केली. ती संपेपर्यंत कुत्र्याने प्रिन्सिपलांचा एक बूट काढला होता.

"लय लांबलं, सर!" पाटी ढालीसारखी धरून हौशीराम पुढे झाला आणि ओरडला, "सिट!"

कुत्रा मुकाट्याने बसला.

प्रिन्सिपल एका बुटानिशी खाली उतरले. "वा!" ते इंग्रजीत म्हणाले. "हा मुलगा तुमच्या पद्धतीने शिकलेला?"

"अगदी पहिल्यापासून," महिपतराव म्हणाले.

इतक्यात माळी भिमाजी भाकरी घेऊन आला. "कशापायी वरडताय? ठार भैरा हाय त्यो! रोज पाटीखाली भाकर घालतो म्या. पाटी दिसली की बसतोय गपगार."

"काय म्हणतोय हा?" प्रिन्सिपलांनी विचारलं.

महिपतरावांनी चटकन भाषांतर केलं.

"तो म्हणतो, इतकं उत्तम इंग्रजी या कुत्र्याने जन्मात ऐकलं नव्हतं."

प्रिन्सिपलांनी महिपतरावांची नोकरी तिथेच कायम केली आणि जाता जाता कुत्र्याचीही पाठ थोपटली.