अंजलीची रजा आणि तीन यंत्रणांचं ऐक्य

माणसांत ऐक्य नसलं तरी ऑफिस चालतं. बरीच ऑफिसं तर त्यामुळेच चालतात. पण संगणकांत ऐक्य नसेल तर समिती नेमावी लागते. बंगळुरात जयनगरला असलेल्या आमच्या 'आसनसिद्धी' कंपनीत (आम्ही ऑफिसांसाठी टेबलं-खुर्च्या बनवतो, टेबलं पीण्या औद्योगिक वसाहतीत बनतात, उशीर जयनगरात) अशी समिती गेल्या उन्हाळ्यात नेमली गेली. मी तिचा चिटणीस. पुढचा मजकूर इतिवृत्तावरून लिहिला असून त्यात शक्य तितकं सत्य आहे.

मालक सुधींद्रराव. त्यांचं मराठी घराणं बंगळुरात इतक्या पिढ्या राहिलंय, की त्यांच्या बोलण्यात कन्नड शब्द पाहुणे म्हणून येत नाहीत, घरचेच असतात. सगळे त्यांना अण्णा म्हणतात. अण्णा मनाने फार मोठे. कोणाला नाही म्हणायचं नाही हे त्यांचं व्रत. हिशेब विभागाने विंडोज मागितलं, अण्णा म्हणाले, "सरी." (म्हणजे 'बरं'.) पुण्याच्या तनयने डिझाइनसाठी मॅक मागितला, अण्णा म्हणाले, "सरी." मुंबईचा गिरीराज पैसे मोजून सॉफ्टवेअर घेणं आणि लाच देणं यांत फरक करत नाही. त्याने सर्व्हरवर लिनक्स चढवलं, तेव्हाही अण्णांचं सरीच. अशा रीतीने एकाच मजल्यावर तीन पंथ नांदू लागले.

त्यांच्यात रोटीव्यवहार होता, बेटीव्यवहार नव्हता. म्हणजे एकाची फाइल दुसऱ्याला बघता यायची, पण तिच्यात काही बदलायला गेलं की ती रुसून बसायची. प्रिंटर फक्त विंडोजचं ऐकायचा. तनयच्या खुर्च्यांची चित्रं गिरीराजकडे पोचेपर्यंत त्यांचे पाय गळून पडायचे.

तरीही काम अडत नव्हतं, हे कबूल केलं पाहिजे. ज्याला कागद हवा असेल तो उठायचा, पलीकडच्या टेबलापाशी जायचा आणि मागायचा. (या पद्धतीत अपयशाचं प्रमाण दोन टक्के होतं, तेही समोरचा जेवायला गेला असेल तर.) अशा मागासलेल्या पद्धतीवर एकविसाव्या शतकात विसंबून राहणं बरं नव्हे, म्हणून समितीने पहिल्याच बैठकीत ती बंद केली आणि तिन्ही यंत्रणा जोडणारं नेटवर्क बसवलं.

आता नवं नेटवर्क चालतं की नाही हे पाहायला एक खरी फाइल हवी होती. खोटी पाठवली तर नेटवर्क गांभीर्याने घेत नाही, असं गिरीराजचं मत पडलं. योगायोगाने त्याच सकाळी हिशेब विभागातल्या अंजलीने बाळंतपणाच्या रजेचा अर्ज टाइप केला होता. सातवा महिना होता. पहिलं बाळंतपण, त्यामुळे नागपूरला माहेरी जायचं ठरलेलं. तिच्या आईने डिंकाचे लाडू आधीच करून ठेवले होते. अर्ज खरा, आणि मुदत समितीच्या बापालाही पुढे ढकलता न येणारी. याहून चांगली चाचणी फाइल शोधून सापडली नसती. ठराव एकमताने मंजूर झाला. (अंजली समितीत नव्हती.)

मार्ग असा ठरला. अर्ज अंजलीच्या विंडोजवरून तनयच्या मॅकवर जाईल, कारण रजांचं खातं तनयकडे होतं. चित्रं काढणाऱ्याला माणसं कळतात, असा अण्णांचा समज आहे. तिथून गिरीराजच्या लिनक्सवर त्याची नोंद होईल आणि शेवटी अण्णांच्या पडद्यावर तो मंजुरीला येईल. कायद्याने ही रजा मिळतेच, हे सगळ्यांना ठाऊक होतं. प्रश्न रजा मिळण्याचा नव्हता, अर्ज पोचण्याचा होता.

मॅकवर अर्ज पोचला, पण तनयचा मॅक तारखा अमेरिकन पद्धतीने वाचतो. त्यामुळे चार सप्टेंबरला अपेक्षित असलेलं बाळ नऊ एप्रिललाच होऊन गेल्याचं त्याला दिसलं. डिझाइन विभागाने केक मागवला. अंजलीने समजावून पाहिलं, मग केक खाल्ला. त्यानंतर तिने अर्जाची छापील प्रत घेतली आणि सरळ अण्णांचं टेबल गाठलं.

"अण्णा, तुम्ही इथेच बसलाय, मी इथेच उभी आहे. एक सही करा ना. पुढच्या आठवड्यानंतर मला विमानात घेणार नाहीत."

अण्णांनी पेन काढलं. मग गिरीराजकडे पाहिलं. गिरीराज एवढंच म्हणाला, "सर, हाताने दिलं तर टेस्ट व्हॉइड."

अण्णांनी पेन परत खिशाला लावलं. "स्वल्प थांब की अक्का. तुझा अर्ज म्हणजे आता एकटीचा अर्ज आहे काय? सगळ्या कंपनीचा आहे. आणि रजा तर तुझीच आहे, ती कुठं पळून जाते?"

एका साध्या अर्जाला इतका मान मिळाल्याचं दुसरं उदाहरण माझ्या पाहण्यात नाही. अंजलीने मात्र तो मान चेहऱ्यावर दिसू दिला नाही. तिने तिकीट रद्द केलं.

यथावकाश अर्ज लिनक्सवर गेला. लिनक्स शिस्तीचं असल्याने इंग्रजीतलं मोठं अक्षर आणि लहान अक्षर यांना ते एकच मानत नाही. परिणामी कंपनीत दोन अंजली असल्याचं निष्पन्न झालं. पैकी एक गरोदर होती. दुसरीला रजेवर जाण्याचं काहीच कारण नव्हतं, आणि पगार नेमका दुसरीच्या नावे निघत होता. समितीने यावर तीन बैठका घेतल्या. (बैठकांचा एकसष्ट टक्के वेळ वडा-सांबारात गेला, असा आरोप झाला. तो खोटा आहे; त्यात कॉफीही धरलेली आहे.) तनय दरवेळी म्हणायचा, "बेसिकली माझ्या साइडने अप्रूव्ह्ड आहे, फक्त सिंक होत नाहीये."

तोवर अंजलीचे पाय सुजायला लागले होते. ती टेबलाखाली एका रिकाम्या खोक्यावर पाय ठेवून काम करायची. नवा राउटर त्याच खोक्यातून आला होता. तेव्हा प्रकल्पाचा तिला काहीच उपयोग झाला नाही, असं म्हणता येणार नाही. नागपूरहून तिच्या आईचा रोज फोन यायचा. अंजली म्हणायची, "आई, निघतेय गं, अर्ज नव्वद टक्के पोचलाय." मला ते ऐकून वाईट वाटायचं. पण इतिवृत्तात वाईट वाटण्यासाठी रकाना नव्हता.

ऑगस्टअखेर, शेवटच्या चाचणीच्या दिवशी, अर्ज नव्व्याण्णव टक्के पोचला आणि थांबला. आम्ही सगळे श्वास रोखून पडद्याकडे पाहत होतो. मागे अंजली "आई गं" म्हणून टेबल धरून उभी राहिली. (या दोन घटनांचा परस्परसंबंध नाही, अशी नोंद गिरीराजने घालायला लावली.)

इथे अण्णांचा मोठेपणा सांगितलाच पाहिजे. त्यांनी स्वतः गाडी काढली. तिची पिशवी उचलली, दवाखान्यात "आमची मुलगी आहे" म्हणून सांगितलं, आणि तिचा नवरा अभिमन्यू व्हाइटफील्डच्या ट्रॅफिकमधून सुटून येईपर्यंत बाहेरच्या बाकावर बसून राहिले. मुलगी झाली. अण्णांनीच ऑफिसात पेढे वाटले. या सगळ्या वेळात त्यांच्या खिशाला पेन होतं.

आणि पुढच्याच आठवड्यात नेटवर्क चाललं! सर्व्हरने आपण होऊन पहिलं पत्र तयार केलं, आणि ते विंडोज, मॅक, लिनक्स या तिन्हींवर एकाच क्षणी, तारखेसह आणि एकही अक्षर न तुटता उमटलं. समितीने टाळ्या वाजवल्या. टाळ्या थांबल्यावर आम्ही पत्र वाचलं. ते अंजलीला होतं: पूर्वपरवानगीविना गैरहजर राहिल्याबद्दल पगार थांबवण्यात येत आहे. दोन प्रती गेल्या होत्या, प्रत्येक अंजलीला एकेक.

अंजलीचा फोन आला तेव्हा अण्णांनी तो स्पीकरवर घेतला. मागे बाळ रडत होतं.

"अण्णा, मला दवाखान्यात तुम्हीच नेलंत ना?"

"नेलं की अक्का," अण्णा म्हणाले. त्यांचा आवाज खरोखरच भरून आला होता. "पण काय करू? सिस्टीममध्ये दिसत नाही."

पलीकडून फोन बंद झाला.

आमच्या या यशाची वार्ता पसरल्यापासून बरेच लोक ही व्यवस्था आपल्याकडे बसवून मागतात. आपणही मागणार असाल, तर कृपया आधी एवढं आठवून पाहा: अलीकडे कोणीतरी आपल्या टेबलासमोर येऊन उभं राहिलं होतं. आपण त्याला ओळखत होता, त्याची अडचणही आपल्याला माहीत होती. तरी आपण पडद्याकडे पाहिलं आणि तेच तीन शब्द म्हणालात. तसं असेल, तर आमच्या माणसाने येण्याची गरज नाही. आपल्याकडे ती केव्हाच बसलेली आहे, आणि उत्तम चालते आहे.