मुठीतले दोन थेंब

पंकजाने पिशवीतला भुसा मुठीत घेऊन पिळला, तर बोटांच्या फटींतून धारच लागली. काल संध्याकाळी याच पिशवीतून जेमतेम दोन थेंब पडले होते, आणि दोनच पडायला हवे होते.

गव्हाच्या ओल्या भुशावर वाढणारी ही पांढरी बुरशी जळक्या ऑइलने काळी पडलेली माती साफ करते. पण ओलाव्याच्या बाबतीत ती भारी नखरेल. पाणी कमी पडलं की झोपून जाते, जास्त झालं की भुसा आंबतो आणि भलतीच हिरवी बुरशी येऊन बसते. ओसरीत अशा अकरा पिशव्या टांगलेल्या होत्या. भरल्या होत्या बारा. एक पिशवी महिन्यापूर्वीच नाहीशी झाली होती. शिंगणापुरात चोरीचं नाव कोण काढणार? मांजरावर ढकलून सगळे मोकळे झाले होते.

मंगळवारी विद्यापीठाचे साहेब पाहणीला येणार होते. बुरशी नीट दिसली तर पंकजाच्या प्रयोगाला आणखी एक वर्ष, नाहीतर दोन वर्षांची मेहनत गुंडाळून ठेवायची. आज शुक्रवार होता.

"आत्याबाई, पाणी कितीदा मारलं?"

सासूबाई, छबूबाई, लसूण सोलत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "तू सांगितलं तेवढंच. सकाळी येकदा, सांजच्याला येकदा."

नवरा, अमृत, अंगणातल्या गॅरेजात ट्रॅक्टरखाली आडवा होता. त्याचे नुसते पाय दिसत होते. पायांकडून आवाज आला, "दुपारचं मी मारलं थोडं. ऊन काय हाय! म्हनलं तहानली असंल."

"थोडं म्हणजे?"

"येका पिशवीला येक मग."

पंकजाने डोळे मिटले. इथल्या घरांना दार नसतं, चौकटीला फार तर पडदा. तेव्हा आणखी कोण येऊन गेलं असेल, सांगता येत नव्हतं. ती शेजारी बनुबाईंकडे गेली. बनुबाईंनी काही लपवलं नाही.

"व्हय, आज मीबी घातलं की तांब्यातांब्या. तुळशीला घातलं की वाटंतच हाय तुझी ओसरी. झोळीतल्या लेकरावानी दिसत्यात गं, जीव तुटतो."

"मावशी, आता पाणी बंद. थोडी ओल कमी करायची आहे. हळूहळू."

हेच तिने घरी दोघांनाही वेगवेगळं सांगितलं. तिघांनीही ओल कमी करायची एवढंच मनावर घेतलं.

शनिवारी सकाळच्या शाळेत शिकवून ती परतली, तर ओसरी रिकामी होती. अमृतने आधी गॅरेजचा मोठा पंखा लावला होता. पंख्याने भागत नाही असं वाटून छबूबाईंनी पिशव्यांची तोंडं सोडून त्या पत्र्यावर नेऊन ठेवल्या होत्या. आणि एकाच बाजूला ऊन लागतंय हे बघून बनुबाई मधूनमधून शिडी चढून त्या परतून येत होत्या, कुरडया परताव्यात तशा.

पंकजाने पत्र्यावरच भुसा मुठीत घेतला. तो कुरकुरला.

"हळूहळू म्हणाले होते मी!"

"अगं, चार तास लागले की!" छबूबाई खालून म्हणाल्या.

रविवारभर पंकजा बसली की उठत होती. ओलाव्याचं यंत्र बघायची, दोन फवारे मारायची, पुन्हा बघायची. चौकटीला ओलं गोणपाट बांधलं, तर वाऱ्याने ते तासाभरात खडखडीत केलं. चहा गार होत होता, शाळेच्या वह्या तशाच पडून होत्या. सोमवारी एका पिशवीवर पोपटी ठिपका दिसला. संध्याकाळपर्यंत आठ पिशव्या हिरव्या आणि तीन मेलेल्या.

"झाकून दाखवू," अमृत म्हणाला.

"नाही. आहे ते दाखवायचं."

मंगळवारी साहेब आले. त्यांनी अकराही पिशव्यांचा वास घेतला, ओठ आवळले आणि फाइल मिटली. "ओलावा सांभाळता आला नाही, मॅडम."

"नाही आला," पंकजा म्हणाली. तिचा आवाज शांत होता, बोटं मात्र पदराशी चाळा करत होती.

पाण्याचा ग्लास साहेबांच्या हाती देऊन छबूबाई तिथेच घुटमळल्या. "साहेब, येक बोलू? पंकजा, रागावू नगं. मांजरानं न्हाई नेली ती पिशवी. झाडताना माझ्या हातनं फुटली. तुला सांगायचा धीर झाला न्हाई. रांजनामागं टाकली आन् वर गोनपाट झाकलं."

रांजण कडुलिंबाखाली होता, आणि त्याच्यामागेच अमृत वर्षानुवर्षं ट्रॅक्टरचं जळकं ऑइल ओतत आला होता. सगळे तिकडे गेले. पंकजाने गोणपाट उचललं.

खाली कापूस पिंजून पसरावा तशी पांढरी बुरशी होती. तिच्या कडेला डांबरासारखी काळी जमीन दिसत होती. बुरशीखालची माती मात्र तांबूस, भुसभुशीत झाली होती. साहेबांनी उकिडवं बसून मूठभर भुसा पिळला. दोन थेंब पडले.

"आजी, पाणी कसं राखलंत?"

"मी कशाला राखू? रांजन पाझरतो तेवढंच. मी तर भ्यानं महिनाभर तिकडं बघितलंबी न्हाई."

साहेबांनी फाइल पुन्हा उघडली आणि बरंच काही लिहिलं. लिहिता लिहिता त्यांची नजर कडेच्या सुकल्यासारख्या तुकड्यावर गेली. त्यांनी पायाशी ठेवलेला पाण्याचा ग्लास उचलून मायेने तिकडे कलता केला.

"साहेब!" तिघं एकदम ओरडले. कुंपणापलीकडून चौथा आवाज बनुबाईंचा होता.

छबूबाईंनी त्यांचा हात धरून ग्लास सरळ केला. "ते तुमी प्या."