इनास डॉक्टरांच्या शिव्या

आमच्या मालवणात छातीचा फोटो काढायला गेलेला माणूस शिव्या खाऊन बाहेर आला, की घरचे सुटकेचा निःश्वास टाकत आणि वाटेत हॉटेलात भजी खात. ऐंशीच्या दशकातली गोष्ट सांगतेय. इनास डॉक्टर एक्स-रे वाचणारे. मुंबईला शिकून आले आणि घराच्या पुढच्या खोलीत मशीन मांडून बसले.

रोग काय ते पेशंटला सांगायचं नाही, ज्याने पाठवलं त्या डॉक्टरच्या हाती रिपोर्ट द्यायचा, हा त्यांचा नियम. कोणी कितीही गळ घालो. पण जिभेचं काय करणार? फोटो स्वच्छ असला की मालवणी सुटायची. "मेल्या, तुका काय एक झालेला नाय, माझी फिलिम फुकट घालवलस!" आणि काही दिसलं, की हाच माणूस एकदम पुस्तकातलं मराठी बोलायला लागे. "जरा बसता का? पाणी घेणार?" ऐकलं की भलेभले देवाला नवस बोलायला लागत.

एकदा कुणा सरकारी साहेबाशी बोलता बोलता ती भाषा त्यांच्या तोंडात राहिली आणि पुढच्या मासेवालीला ते "या, बसा" म्हणाले. तिने तिथेच गळा काढला. मग बराच वेळ शिव्या घालून तिला शांत करावं लागलं.

फिल्म न काढता अंधाऱ्या खोलीत पडद्यावर थेट छाती तपासायची तर डोळ्यांना आधी अंधाराची सवय करावी लागते. त्यासाठी ते लाल काचांचा चष्मा लावत, आणि तसेच मासळीबाजारात जात. त्या चष्म्यातून सगळ्याच बांगड्यांचे कल्ले लाल! बायका कालचे बांगडे खुशाल त्यांच्या गळ्यात मारत. घरी वाट बघणारं कोणी नव्हतं, त्यामुळे ओरडणारंही कोणी नव्हतं. आता रिपोर्ट छान पाकिटातून येतो. मला मात्र त्या शिव्यांची फार आठवण येते.

माझे बाबा त्यांचे शाळेपासूनचे मित्र. रोज संध्याकाळी आमच्या पडवीत रमी आणि रमीवरून भांडण. पुढे बाबांचा खोकला जाईना, वजन उतरलं, तेव्हा आईने देव पाण्यात घातले आणि मी बाबांना फोटोला घेऊन गेले. डॉक्टर आतून आले आणि त्यांनी बाबांना अशा काही शिव्या दिल्या, की रस्त्यावरची माणसं थांबली. बाबा हसत घरी आले. दोन घास जास्त जेवले. आईने देवापुढे साखर ठेवली, आणि कितीतरी दिवसांनी आमचं घर गाढ झोपलं.

दुसऱ्या दिवशी घरच्या डॉक्टरांनी मला बोलावून घेतलं. बाबांच्या फुप्फुसात गाठ होती. इनास डॉक्टर आदल्या संध्याकाळीच स्वतः चालत येऊन रिपोर्ट देऊन गेले होते. त्यात एक शब्द लपवलेला नव्हता.

मी तणतणत त्यांच्याकडे गेले. बाबांना फसवलंत, असं तोंडावर म्हणाले. त्यांच्या दाढीचे खुंट वाढलेले, डोळे सुजलेले, आणि समोर दिव्याच्या काचेवर बाबांचा फोटो अजून तसाच लावलेला.

"रिपोर्ट खरो लिवलंय गो," ते म्हणाले. "कोल्हापूरक मोठ्या हॉस्पिटलात मीच घेवन जातंय त्येका. पण एक रात निजांदे म्हटलंय बापड्याक. जागूक मी होतंय."