आप्पासाहेब मांडवकर यांच्या कोठ्याचा वेढा उठला त्याची हकीकत

श्रीग्रामदेवतेचे चरणी मस्तक ठेवून, आणि वाचणाराने नाकास पदर लावू नये ऐशी आगाऊ विनंती करून, हा मजकूर लिहिला जातो. पूर्वी थोरांच्या मोहिमा जाहल्या, गड घेतले, मुलूख मारिले, त्यांस लिहिणार पुष्कळ मिळाले. परंतु मनुष्याचे उदरी पडलेल्या वेढ्याची हकीकत लिहिण्यास कोणी धजत नाही, आणि तो वेढा तर घरोघर पडतो. म्हणोन घडले तैसे लिहितो. तिखटमीठ लागले असेल ते स्वयंपाकघरातले जाणावे.

शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसू नाम संवत्सरे, फाल्गुन मासी, लांज्यापासून दीड कोसावर राजमान्य राजश्री आप्पासाहेब मांडवकर, उमर वर्षे अडुसष्ट, आपले घरी मुक्काम करून होते. सदरहू आप्पांनी पोफळीचे वीजघरी बत्तीस वर्षे चाकरी केली. त्यांनी बटण दाबावे आणि डोंगराचे पोटातून पाणी गर्जत खाली यावे, ऐसा त्यांचा दरारा. त्याच आप्पांचे स्वतःचे पोटात मात्र वद्य प्रतिपदेपासून पान हलेना.

कारण ऐसे जाहले की शिमगा आला, आणि मुंबईहून पुत्र, सून दीपाली, नातवंडे, पुतणे ऐशी एकोणीस माणसांची फौज येऊन दाखल जाहली, आणि मग सावर्ड्याहून व्याही रावजी, म्हणजे दीपालीचे तीर्थरूप, खासे पाहुणे म्हणोन आले. पुरणपोळ्यांची रास पडली, ओल्या काजूची उसळ उकळली, वडे तळले गेले, आणि भाजीपाला म्हणाल तर ताटाचे कडेस शोभेपुरता. फौज एकोणीस, वर व्याही, आणि संडास एक. तोही मागील दारी, माडाखाली, ज्याची कडी आतून लागली की बाहेरच्याने देवाचे नाव घ्यावे.

आता आप्पांचा जीव का टांगणीस लागला ते सांगतो. वद्य पंचमीस पालखी अंगणी यावयाची. गावची वहिवाट ऐशी की ज्याचे अंगण त्या घरच्या कर्त्याने पालखीस पहिला खांदा लावावा, आणि ढोलावर नाचवावी. कर्त्यास न जमल्यास मान भाऊबंदांकडे जातो, आणि एकदा गेलेला मान परत आणावयास नातवंडांनी म्हातारे व्हावे लागते. भाऊबंद म्हणजे चुलतबंधू विठू. तो रोज सकाळी अंगणाच्या दगडी गडग्यापाशी येऊन आप्पांचे पोटाकडे बघे आणि काळजीचा स्वर लावी, "आप्पानू, जपा हां. खांदा काय, मी लावीन. त्यात काय मोठा?" आप्पांचे पोट नगाऱ्यासारखे ताठ, कमरेत वाकवेना, चपला पायांनी चाचपून घालाव्या लागत, आणि विठूचे ते गोड बोलणे त्यांस पोटदुखीहून अधिक झोंबे.

मग आप्पांचे कुटुंब सावित्रीबाई यांनी द्वितीयेस पहिला मोर्चा लाविला. पहाटे कोमट पाणी, त्यात चमचाभर तूप, वर भिजविलेल्या मनुका, ऐसे फर्मान सुटले आणि आप्पांनी ते मान्य केले. घटकेभरात आत गडगडाट जाहला. आप्पा तांब्या घेऊन त्वरेने मागील दारी गेले, आणि पाहतात तो समोरून व्याही रावजी, खांद्यावर टॉवेल, हाती मोबाईल, येऊन ठेपले. आता कोकणी माणसाने व्याह्यास रांगेत उभे केले ऐसे आजवर कोणी ऐकिले नाही. आप्पा दोन पावले मागे सरले आणि म्हणाले, "व्याहीनू, तुमी पुढं व्हा. मी काय, घरचाच." रावजी आत गेले आणि अवघ्या दुनियेची खबर मोबाईलवर वाचून पाऊण तासाने बाहेर आले. तोवर आप्पांचे उदरीचे सैन्य माघारी फिरले, आणि पुन्हा निशाण दाखवीना.

तृतीयेस सूनबाई दीपाली यांनी इसबगोलाची कुमक पाठविली, आणि सोबत सक्त ताकीद दिली की मोठे दोन पेले पाणी पिणे, त्यात कसूर न करणे. परंतु आप्पांचे मनाने वेगळेच घेतले. पाणी प्यावे तर वारंवार मागील दारी जाणे आले, तेथे रांग, रांगेत व्याही, आणि पुन्हा मागे सरणे आले. म्हणोन त्यांनी इसबगोल दोन घोटांत गिळिला आणि उरलेले पाणी तुळशीस घातले. तुळस टवटवीत जाहली. आप्पांचे पोटात मात्र गवंड्याने गिलावा केल्यासारखे जाहले, आणि रात्रीच्या पंगतीस त्यांनी ताटावरून उठताना पुत्राचा हात धरिला. विठूने ते पाहिले.

ऐसा बाका प्रसंग येताच चतुर्थीस ओटीवर खलबत बसले. शेजारघरची जनी आत्या, उमर चौऱ्यांशी, दात दोन, परंतु अक्कल शाबूत, तीस मुद्दाम बोलाविले. तिने सर्व हकीकत ऐकिली, तुळशीकडे एकवार पाहिले आणि हुकूम जारी केले. पुरणपोळी आणि वडे आजपासून बंद. पाणी तांब्याने, आणि तिचे देखत. दुपारी पिकली पपई, रात्री तांबड्या भोपळ्याची भाजी आणि कुळथाची पिठी, सकाळ-संध्याकाळ कातळावर फेरी. आणि मग सर्वांत मोठा हुकूम तिने आप्पांचे कानात न सांगता सर्वांदेखत सांगितला, "कळ आली की जायचा. पोटाला काय व्याही कळतो?" रावजी तेथेच बसले होते. त्यांनी छपराची कौले मोजावयास घेतली.

आप्पांनी त्या दिवशी शर्थ केली. पपई खाल्ली, पाणी ढोसले, कातळावर उन्हे कलल्यावर ऐसे चालले की गुरे बाजूस झाली. मनात एकच धास्ती, की बापाने खांदा लाविला, आज्याने लाविला, आणि आपले नशिबी अंगणात खुर्ची टाकून बसणे आले. ती खुर्ची पुतण्यांनी आधीच पुसून ठेविली होती, आणि ती पाहून आप्पांचे डोळ्यांत पाणी आले.

पंचमी उजाडली. दहाचे सुमारास ढोल शेजारच्या वाडीत वाजू लागला, पालखी जनी आत्याचे अंगणी पोहोचली, आणि नेमके तेच समयी आप्पांचे उदरी प्रथम बारीक हाक, मग मोठी हाक, आणि मग साक्षात आरोळी उठली. आप्पा उठले. कमरेस पंचा, हाती तांब्या, मागील दारी धावले, आणि माडाखाली पुन्हा तेच व्याही रावजी, तोच टॉवेल, दारास हात लावून उभे. क्षणभर आप्पांचे पाय आपोआप मागे सरू लागले. पाहुण्यास पुढे करण्याचे जन्माचे वळण ते. परंतु मग त्यांस खुर्ची दिसली, विठू दिसला, आणि त्यांनी हात जोडून म्हटले, "व्याहीनू, आज न्हाय. आज मी." आणि आत शिरून कडी लाविली. ऐसे शौर्य त्या घराण्यात पूर्वी कोणी केले नव्हते.

इकडे पालखी अंगणी आली. ढोल थांबला, गुरवाने कर्त्यास पुकारा केला, आणि कर्ता दिसेना. विठू तो नवे उपरणे बांधून तयारच होता. त्याने आकाशाकडे पाहून नमस्कार केला आणि पालखीच्या दांड्याखाली खांदा नेला. तोच सावित्रीबाई नारळ घेऊन पुढे आल्या आणि म्हणाल्या, "गुरवानू, वाईच थांबा. माजा गाऱ्हाना हाय." गाऱ्हाणे, म्हणजे देवापुढचे मागणे, निघाले की पालखी हलत नाही. विठूस खांदा काढून घेणे प्राप्त जाहले.

गुरव म्हणाला, "कशाचा गाऱ्हाना, वैनी? खुल्ला सांगा. देवाला मोघम चालत न्हाय."

सावित्रीबाईंनी पदर सावरिला. चाळीस वर्षांत ज्या बाईने नवऱ्याविषयी चारचौघांत अवाक्षर काढिले नाही तिने अवघा गाव, मुंबईची फौज आणि ढोलवाले यांसमक्ष सांगितले, "ह्यांचा पोट चार दिस बांधलेला हाय. आत बसलेले हायत. ता सुटू दे."

गुरवाने तोंडावरची रेघ हलू दिली नाही. त्याने नारळ हाती घेऊन खडा स्वर लाविला, की बा देवा म्हाराजा, तुझ्या लेकराचा कोठा मोकळा कर. अवघा गाव गर्जला, व्हय म्हाराजा. जी काय अडचण, अडथळा, आडकाठी असेल ती दूर कर. व्हय म्हाराजा. आणि त्यास सुखरूप बाहेर आणून तुझ्या सेवेशी उभा कर. तिसऱ्या व्हय म्हाराजाने माडावरचे कावळे उडाले, आणि तो घोष विरतो न विरतो तोच मागील दारी बादलीभर पाणी ओतल्याचा आवाज जाहला, आणि पाठोपाठ दुसऱ्या बादलीचा. गुरवाने नारळ फोडिला.

मग आप्पा विहिरीवर गेले, दोन कळशा डोकीवर ओतल्या, आणि ओलेत्याने अंगणी आले. त्यांनी आत सर्व ऐकिले होते. मान खाली घालून, कोणाकडे न पाहता, ते पालखीस वाकले, आणि सहज वाकले, हे पाहून सावित्रीबाईंनी पदराने डोळे टिपले. खांदा लागला, ढोल कडाडला, आणि अडुसष्ट वर्षांचा पुरुष ऐसा नाचला की मागील खांदेकऱ्यांस धाप लागून दोनदा माणूस बदलावा लागला. विठू कडेस उभा राहून टाळ्या वाजवीत होता, आणि खरे लिहावयाचे तर मनापासून वाजवीत होता.

येणेप्रमाणे फाल्गुन वद्य पंचमीस, दोन प्रहरांचे आत, चार दिवसांचा वेढा उठोन फत्ते जाहली, आणि मान घरचा घरी राहिला, हे लिहून ठेविले असे. या मोहिमेत एक पपई, अर्धा भोपळा आणि एक नारळ खर्ची पडले. व्याही रावजी नाइलाजास्तव शेजारघरी जाऊन आले, त्यांचा रुसवा नाही. आप्पासाहेबांची लाज तेवढी रणी पडली, ती अवघ्या गावाने पाहिली, आणि त्यांनी तिचे सुतक धरिले नाही.